रॉक बग्गीला पुढून आयएफएस की सॉलिड एक्सल? (सोलापूर, खिसा बेताचा)

खाणवाला
नमस्कार मंडळी, आजवर नुसता वाचत होतो, आता धागा काढायची वेळ आली. आम्ही तिघं मित्र मिळून एक बग्गी बांधतोय, रस्त्यावर आणायची नाहीच, फक्त दगडात खेळायला. अक्कलकोट रोडला पाव्हण्यांची बंद पडलेली खाण आहे, काळ्या दगडाचे कापलेले कट्टे, काही कमरेएवढे, आणि खालून एक नाला जातो तो पावसाळा सोडला तर कोरडाच. जुन्या फोर बाय फोर स्कॉर्पिओचं इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) मिळालंय, पुढचं डिफ (डाव्या उजव्या चाकाला ताकद वाटणारा गिअरचा गोळा) आणि सीव्ही शाफ्टपण (डिफपासून चाकापर्यंतचा, कोनात फिरू शकणाऱ्या जॉइंटचा दांडा) त्यातच आले. टायर ३५ इंची घ्यायचे ठरलंय.

अडलंय ते पुढच्या सस्पेन्शनवर, आयएफएस (दोन्ही चाकं वेगवेगळ्या आर्मवर, स्वतंत्र हलणारी) की सॉलिड एक्सल (दोन्ही चाकं एकाच आडव्या आखावर). एक मित्र किंग ऑफ द हॅमर्स या अमेरिकेतल्या दगड-वाळवंटाच्या रेसचे व्हिडिओ बघून पेटलाय, म्हणतो आयएफएसच पाहिजे, वरच्या गाड्या सगळ्या तशाच आहेत. दुसरा म्हणतो जीपचं सॉलिड एक्सल टाक आणि मोकळा हो. मी मधे. दोघांचं ऐकलं की दोघांचं पटतं ही माझी अडचण आहे. ज्यांनी हात काळे केलेत त्यांनी सांगा.

शेंगाचटणी
पहिला. पॉपकॉर्न नाही, कडक भाकरी घेऊन बसलोय, ती जास्त वेळ टिकते.

कमानपाटेवाले_मामा
काय बे, यात विचारायचं काय हाय. सॉलिड टाक. आमच्या दुकानात आयुष्यभर पाटे बसवले, हौसिंग (एक्सलचं लोखंडी कवच) वाकलेलं बघितलंय पण हौसिंगमुळं गाडी जाग्यावर बसली असं क्वचित. वाकलं तरी घरापर्यंत येती. तुझं ते आर्म वाकलं की चाक तोंड फिरवून बसतंय, मग आण ट्रॅक्टर. बैलगाडीचा आख बघ, किती वर्षं चाललंय, कुणी त्याला इंडिपेंडंट केलं का.

रोलकेज
मामा, आदर ठेवून सांगतो, बैलगाडी ताशी ८० नं नाल्यातनं कुणी काढत नाही :)

मी सोलापुरातल्याच कॉलेजात असताना बाजा एसएईइंडियाच्या (कॉलेजच्या पोरांनी बग्गी बांधून पळवायची स्पर्धा) टीममध्ये होतो, आता चाकणला नोकरी. खाणवाला, तू आयएफएसकडेच जा. मुख्य कारण अनस्प्रंग वजन. सॉलिडमध्ये हौसिंग, डिफ, त्यातले क्राऊन पिनियन गिअर, सगळं चाकाबरोबर वरखाली होतं. खड्डा आला की ती सगळी वजनदार मोट वर फेकली जाते आणि शॉकअपला ती आवरावी लागते. आयएफएसमध्ये डिफ चासीला बोल्ट केलेलं, चाकाबरोबर फक्त हब, नकल (चाक ज्यावर वळतं तो सांधा), ब्रेक आणि आर्मचं अर्धंमुर्धं वजन. वेगात चाक जमिनीला चिकटून राहतं, स्टिअरिंग हातात राहतं. शिवाय एका चाकाला बसलेला धक्का दुसऱ्या चाकापर्यंत जात नाही. आम्ही पिथमपूरला स्पर्धेत बघितलंय, पुढं डबल विशबोन (वर खाली दोन आर्मचं आयएफएस) सोडून दुसरं काही कुणी लावतच नाही.

जिप्सीप्रेमी_बार्शी
@रोलकेज, बाजाची गाडी आणि ही गाडी यात जमीन अस्मानाचा फरक आहे रे. तुमचं इंजिन ३०५ सीसी, दहा हॉर्सपॉवर, आणि त्या काळच्या तुमच्या बहुतेक गाड्यांना ड्राइव्ह मागच्या चाकांना. म्हणजे पुढच्या विशबोनमधून शाफ्टच जात नव्हता! पुढचं चाक नुसतं वळवायचं असेल तर आयएफएस सोपं आहे, कुणीपण करेल. वळवायचं पण आहे, ओढायचं पण आहे आणि दगडात अडकलेलं असताना ओढायचं आहे, तिथं खरी गोम आहे.

रोलकेज
मुद्दा बरोबर आहे, आमच्या पुढच्या चाकाला शाफ्ट नव्हता. पण भूमिती तीच राहते, आणि सीव्ही जॉइंट काय मंगळावरून आणायचे नाहीयेत, त्याच्याकडे स्कॉर्पिओचे पडलेत.

शेंगाचटणी
बार्शीनं सोलापूरला गप्प केलं. ऐतिहासिक क्षण. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

फिनिक्सचा_सोलापूरकर
मी ॲरिझोनात असतो, मूळ जोडभावी पेठ. जॉन्सन व्हॅलीला, म्हणजे किंग ऑफ द हॅमर्स होते तिथं, प्रेक्षक म्हणून जाऊन आलोय, त्यामुळे त्या व्हिडिओवाल्या मित्रासाठी थोडं लांबण लावतो.

ही रेस २००७ मध्ये तेरा गाड्यांवर सुरू झाली. त्या वेळी विषयच नव्हता, सगळं रॉक क्रॉलिंगमधून (हळूहळू दगड चढण्याच्या खेळातून) आलेलं, पुढं मागं सॉलिड एक्सल. पण रेसचा गुण असा की दगडाच्या घळया आणि मोकळं वाळवंट दोन्ही एकाच दिवशी पार करायचं असतं. कोरड्या तळ्याच्या सपाटीवर वरच्या गाड्या ताशी १६० किलोमीटरच्या पुढे जातात आणि नंतर त्याच गाडीला माणूस चालतो त्या वेगानं घराएवढ्या धोंड्यांवरून चढायचं. मग लोकांच्या लक्षात आलं की दगडात मिनिटं जातात खरी पण वाळवंटात पण मिनिटं मिळतात. शॅनन कॅम्पबेल २००८ ला जिंकला होता, तोच २०११ मध्ये पुढं इंडिपेंडंट असलेली गाडी घेऊन जिंकला, तिथून लोकांची मतं हलायला लागली. २०१७ ला परत तोच.

पण हे पण ऐका. २०१२ ला एरिक मिलर जिंकला तो सॉलिड एक्सलवर. २०१३ ला रँडी स्लॉसन, त्याचंही सॉलिडच. म्हणजे आयएफएस आलं आणि सॉलिड संपलं असं झालं नाही, बरीच वर्षं दोन्ही एकमेकांच्या उरावर बसून होते. आता वरच्या फळीत पुढून आयएफएस भरपूर दिसतं, मागे मात्र अजूनही खूप गाड्यांना सॉलिडच आहे. आणि त्या आयएफएस गाड्यांची किंमत विचारू नका, एकेका सीव्हीच्या पैशात आपल्याकडे सेकंडहँड दुचाकी येईल.

तर खाणवाला, तुझ्या खाणीत वाळवंट किती आहे ते सांग आधी.

खाणवाला
@फिनिक्स दादा, भारी माहिती. वाळवंट म्हणावं तर मुरमाचा एक पट्टा आहे, जेमतेम अर्धा किलोमीटर. बाकी कट्टे आणि नाला. नाल्यात गोटे आहेत, फुटबॉलएवढे ते म्हशीएवढे.

दगडातली_ताई
मग उत्तर मिळालं की. मी गोव्याच्या रेनफॉरेस्ट चॅलेंजला को-ड्रायव्हर म्हणून उतरलेय, तिथं चिखल जास्त, पण दगडाचं एक गणित सगळीकडे सारखं. सॉलिड एक्सलचं एक चाक धोंड्यावर चढलं की तेच एक्सल दुसऱ्या टोकाला दुसरं चाक खाली दाबतं. गाडीचं वजन दोन्ही चाकांवर राहतं, पकड राहते. आयएफएसमध्ये एक चाक वर गेलं तर दुसऱ्याला त्याची खबर नाही, ते त्याच्या स्प्रिंगच्या जोरावर जेवढं खाली लोंबेल तेवढंच. लोंबकळत्या चाकावर वजन नाही म्हणजे पकड नाही, मग लॉकर (डिफ बांधून दोन्ही चाकं एकदम फिरवणारा) नसेल तर ते हवेत फिरत बसणार, आणि गाडीचं नाक वर चढलेल्या चाकाच्या उलट बाजूला कलणार. ड्रायव्हरपेक्षा शेजारी बसणाऱ्याला ते कलणं जास्त कळतं हे माझ्याकडून लिहून घ्या.

रोलकेज
ताई, त्यावर उत्तर आहे, लांब ट्रॅव्हल (चाकाची वरखाली हालचाल) आणि पुढं मागं लॉकर. आणि ग्राउंड क्लिअरन्सचं कुणीच बोलेना. ३५ चं टायर म्हणजे त्रिज्या साधारण ४४५ मिलिमीटर. सॉलिडचा भोपळा, म्हणजे डिफचा गोळा, मध्यापासून खाली १६०-१७० येतो. उरले २८० च्या आसपास. टायर बदलल्याशिवाय ते वाढत नाही. आयएफएसमध्ये डिफ चासीत वर घेता येतं, पोट सपाट प्लेटनं झाकलं की ४०० पण ठेवता येईल.

दगडातली_ताई
ठेवता येईल, उभी असताना. दगडावर आदळून पुढचं सस्पेन्शन २०० मिलिमीटर दबलं की तुझे ४०० चे २०० झाले आणि ते सुद्धा नेमके दगड पोटाखाली असताना. सॉलिडचे २८० हे दबलं काय, लोंबलं काय, २८० च. ड्रायव्हरला भोपळा कुठं आहे हे पाठ असतं, तो चाक दगडावर घालतो आणि भोपळा बाजूनं काढतो. पोट किती खाली आलंय हे कोण पाठ करणार?

कमानपाटेवाले_मामा
ताईंनी बरोबर मुद्द्यावर बोट ठेवलं. बोल आता पोरा.

रोलकेज
मामा तुम्ही नुसते शिट्ट्या मारालाय :) सपाट पोट दगडावरून घसरतं, भोपळा दगडाला अडकतो, हे पण तितकंच खरं आहे. दोन्ही प्रकारात घासणार आहेच, काय घासायचं ते ठरवा.

लेथवाले_अण्णा
सगळ्यांना नमस्कार. माझं एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे, पूर्वी लूमचे पार्ट, आता जे येईल ते. हा विषय आकड्यात मांडतो कारण दोन्ही बाजू हवेत बोलताहेत.

समजा चासीवरच्या पिव्होटपासून चाकाकडच्या बॉल जॉइंटपर्यंत आर्मची लांबी ५०० मिलिमीटर. आर्म आडव्यापासून २५ अंश वर आणि २५ अंश खाली गेला तर चाकाची हालचाल होते साधारण ४२० मिलिमीटर, म्हणजे साडेसोळा इंच. चांगली आहे. पण याच वेळी दोन्ही टोकांना चाक आत खेचलं जातं, सुमारे ४७ मिलिमीटर, प्रत्येक बाजूला. टायर दगडात रुतलेलं असताना ४७ मिलिमीटर आडवं सरकायचं म्हणजे कुठंतरी ताण येणारच, आर्मला, बॉल जॉइंटला, टायरॉडला (चाक वळवणाऱ्या दांड्याला).

आता शाफ्ट. तो पण आर्मबरोबर २५ अंशात जाणार. आतला जॉइंट, जो लांबी कमीजास्त करायला आतबाहेर सरकतो, तो साधारण इतक्याच अंशात दमतो. बाहेरच्या जॉइंटला ४५ च्या आसपास मुभा असते पण त्याला स्टिअरिंगचा कोन पण सोसायचा असतो. चाक पूर्ण लोंबलेलं आणि स्टिअरिंग पूर्ण कापलेलं, दोन्ही एकदम झालं आणि वरून ॲक्सिलरेटर दाबला, की बाहेरचा कप फुटतो. म्हणून लोक लिमिट स्ट्रॅप लावतात, म्हणजे चाक ठराविक खाली गेलं की पट्टा अडवतो. पट्टा लावला की तुमची लांब ट्रॅव्हल तेवढी कापली.

आणि स्कॉर्पिओचे शाफ्ट तुमच्या कामाचे नाहीत, कारण त्यांची लांबी कंपनीच्या आखूड आर्मसाठी आहे. आर्म लांब केले की मधला बार नवा करावा लागणार, ईएन २४ पोलादात करून देईन, स्प्लाइन कटिंग पुण्याहून करून आणू, हार्डनिंग पण. पण जॉइंटचा कप तोच राहणार आणि तो ३० इंचाच्या आतल्या टायरसाठी बनलाय. ३५ चं टायर लावलं की लिव्हर वाढला.

शेंगाचटणी
अण्णा, गणिताचे मास्तर तुमच्यासारखे असते तर मी आज पेठेत चादरी विकत नसतो.

लेथवाले_अण्णा
चादरी विकून सुखात आहेस, गणितात पडू नकोस.

जिप्सीप्रेमी_बार्शी
अण्णांना +१००. फक्त एक पुरवणी, सॉलिड म्हणजे पुढचे जॉइंट अमर असं कुणी समजू नये. जिप्सीच्या पुढच्या सॉलिड एक्सलमध्ये पण नकलच्या आत बर्फील्डच आहे, तोही सीव्हीच. कंपनीचं टायर साडेसव्वीस इंचाच्या आतबाहेर, त्यावर ३३ चढवलं आणि पुढं लॉकर टाकलं की तो जाणारच, त्यात गाडीचा काय दोष. फरक एवढाच की सॉलिडमध्ये जॉइंटला फक्त स्टिअरिंगचा कोन, सस्पेन्शन कितीही वरखाली होऊ दे शाफ्ट सरळच राहतो. अर्धा त्रास तिथंच वाचतो. जुन्या जीपांना क्रॉसवाला जॉइंट असतो, तो वळणात झटके देतो पण बदलायला स्वस्त, क्रॉस कुठल्याही स्पेअरच्या दुकानात मिळतो.

माळरान
थोडं विषयांतर. खाणवाला, खाण खाजगी आहे आणि परवानगी आहे हे वाचून बरं वाटलं. पण या धाग्यावर ज्यांना हुरूप येईल त्यांना हात जोडून सांगतो, नान्नजच्या बाजूला माळावर गाड्या घालू नका. ते माळढोकचं अभयारण्य आहे, बाहेरचं गवताळ रानही त्याच पक्ष्याचं. माळढोक जमिनीवर अंडी घालतो, साधारणपणे एका खेपेला एकच. ३५ च्या टायरला ते दिसणार नाही. आधीच इथं तो दिसणं म्हणजे नशीब झालंय.

दगडातली_ताई
@माळरान पूर्ण सहमत. लांडगे, काळवीट, तणमोर, सगळं त्या गवतावर आहे. ज्यांना दगड पाहिजेत त्यांना माळावर काम पण नाही.

वकीलसाहेब
विषयांतर क्रमांक दोन. ही वस्तू रस्त्यावर आणू नका, "फक्त खाणीपर्यंत" असंही नको. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, दोन्ही बघता कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत असा बदल चालत नाही. ट्रेलर किंवा टेम्पोवर चढवून न्या.

कमानपाटेवाले_मामा
टेम्पो आपल्या भाच्याचा हाय. डिझेल टाकायचं फक्त.

रोलकेज
मूळ विषयावर येऊ. अण्णांच्या आकड्यांवर वाद नाही, पण ते स्कॉर्पिओच्या पार्टवर आहेत. आयएफएस ही कल्पना वाईट आहे असं त्यातून निघत नाही, पार्ट बारके आहेत एवढंच निघतं. तिकडं त्या अमेरिकेतल्या रेसला ३०० एम स्टीलचे शाफ्ट वापरतात, ४० चं टायर आणि कित्येकशे हॉर्सपॉवर सोसतात.

आणि सॉलिडवाल्यांनो, स्टिअरिंगचं काय? पाट्यावर एक्सल, वर स्टिअरिंग बॉक्स, मधे ड्रॅगलिंक (दोघांना जोडणारा दांडा). एक्सल वरखाली झालं की ड्रॅगलिंक त्याच्या चापात फिरते, एक्सल स्वतःच्या चापात, दोन्ही जुळत नाहीत आणि स्टिअरिंग आपोआप वळतं. बंप स्टिअर तुमच्याकडे पण आहे.

फिनिक्सचा_सोलापूरकर
@रोलकेज, त्यासाठी तिकडं पूर्ण हायड्रॉलिक स्टिअरिंग असतं. स्टिअरिंग व्हील आणि चाक यात लोखंडी जोड नाहीच, ऑर्बिट्रॉल व्हॉल्व्ह (व्हील फिरवलं की तेल सोडणारा) आणि नळ्या, आणि रॅम (तेलाच्या दाबानं सरकणारा दांडा) थेट एक्सलच्या हौसिंगवर बसवलेला. रॅम एक्सलबरोबरच वरखाली होतो त्यामुळे सॉलिडमध्ये बंप स्टिअर उरतच नाही. उलट आयएफएसमध्येच स्टिअरिंगचा रॅक चासीवर आणि चाकं वेगळी हलतात, तिथं टायरॉडचे आतले पिव्होट आर्मच्या पिव्होटच्या रेषेत आणले नाहीत तर प्रत्येक खड्ड्याला चाक आपणहून टो (तोंड आत की बाहेर) बदलतं. आयएफएसमध्ये जिंकणाऱ्यांची अर्धी मेहनत तिथं जाते. व्हिडिओत ती दिसत नाही.

लेथवाले_अण्णा
ऑर्बिट्रॉल आपल्याकडे जुन्या लोडरचा, हार्वेस्टरचा मिळतो, भंगार बाजारात पण सापडेल. रस्त्यावर चालवायची नाही म्हणून चालेल. रॅम मी करून देईन, होनिंग केलेली ट्यूब आणि क्रोम रॉड सोलापुरात मिळतो.

ट्रॅक्टरपुत्र
मंगळवेढ्याहून सलाम. सगळे एवढे भांडताय, ट्रॅक्टरचं पुढचं एक्सल बघा की. मधोमध एक पिन, एक्सल त्यावर डुलतं, एक चाक बांधावर आणि दुसरं सरीत तरी इंजिन आपलं सरळ. ना स्प्रिंग ना शॉकअप.

शेंगाचटणी
आणि कंबर तुमची.

ट्रॅक्टरपुत्र
कंबर गेली हे खरंय. पण ऊस गेला का नाही कारखान्याला?

दगडातली_ताई
हसण्यावारी नेऊ नका, ट्रॅक्टरपुत्रांनी सॉलिड एक्सल दगडात का चालतं याचा मूळ नमुनाच सांगितलाय. डुलणं महत्त्वाचं, आणि डुलताना दोन्ही चाकांवर वजन राहणं. फक्त ताशी दहाच्या पुढं गेलं की त्याला स्प्रिंग आणि शॉकअप लागतो.

खाणवाला
सगळ्यांचे आभार, इतकं येईल वाटलं नव्हतं. माझा आयएफएसवाला मित्र हा धागा वाचून दोन दिवस बोलत नव्हता, आता विचारतोय की मग त्या थारचं काय? २०२० च्या थारला पुढून डबल विशबोन आहे, २०२१ च्या गुरखाला पण. कंपन्या काय वेड्या आहेत का? गुरखाला तर पुढं मागं दोन्हीकडे डिफ लॉक आहे.

जिप्सीप्रेमी_बार्शी
कंपन्या वेड्या नाहीत, त्यांना ती गाडी हायवेवर विकायची आहे. पुण्याहून सोलापूरला शंभरच्या वेगानं येताना जिप्सीत काय होतं ते मला विचारा, एक खड्डा आणि स्टिअरिंग हातात नाचतं. थारमध्ये घरच्यांना बसवता येतं. जिम्नीला मात्र पुढं मागं दोन्हीकडे सॉलिडच ठेवलंय, कॉइल स्प्रिंगवर, आणि ती पण काही पाटेवाल्या जिप्सीसारखी उडत नाही. हा मुद्दा लक्षात घ्या, कॉइल स्प्रिंगवर.

रोलकेज
हां, आता कामाचं बोललात. मला वाटतं हा धागा चुकीच्या दोन गोष्टींची तुलना करत होता. खाणवालाच्या डोक्यात एका बाजूला व्हिडिओतलं लांब ट्रॅव्हलचं आयएफएस आहे आणि दुसऱ्या बाजूला मामांचे पाटे. पाट्यावरच्या जीपमध्ये जो दणका बसतो त्यातला बराचसा पाट्यांच्या आपसातल्या घर्षणाचा आणि आखूड शॉकअपचा असतो. एक्सल सॉलिड आहे म्हणून लोक त्याला शिव्या घालतात. तेच एक्सल लिंकवर (एक्सल धरून ठेवणाऱ्या दांड्यांवर) टाका, कॉइलओव्हर (भोवती स्प्रिंग असलेला शॉकअप) लावा, ३००-३५० मिलिमीटर ट्रॅव्हल द्या, मग आयएफएसशी तुलना करा. त्याच्या अर्ध्या किलोमीटरच्या मुरमाच्या पट्ट्यावर जो फरक उरेल तो मला वाटतं त्याला घड्याळातच शोधावा लागेल.

शेंगाचटणी
रोलकेज पक्ष बदलतोय. ब्रेकिंग न्यूज.

रोलकेज
पक्ष तोच आहे. मोकळ्या रानात रेस असेल तर मी आजही आयएफएसच म्हणेन. याच्याकडे मोकळं रान नाही.

कमानपाटेवाले_मामा
पाट्याला नाव ठेवू नका बे. पाटा एकटाच स्प्रिंगचं काम करतोय, एक्सल पुढंमागं धरून ठेवतोय, आडवं पण सांभाळतोय. लिंका लावल्या की ही कामं वाटून द्यायला चार दांडे आणि आठ जॉइंट लागतात. पण हां, जोरात रेटलं की पाटा यस च्या आकारात पिळतो आणि एक्सल फिरायला बघतं, ते खरंय. दगडात लय होतंय ते. पोरांच्या हौसेला लिंक करा, मी काय अडवत नाही.

लेथवाले_अण्णा
मामांनी पाट्याचं तीन कामांचं सांगितलं ते कॉलेजात शिकवायला पाहिजे.

कॉइलओव्हर कुठं बसवायचा याचं पण एक सांगून ठेवतो, कारण आयएफएसचा खर्च इथं लपलेला असतो. आयएफएसमध्ये शॉकअप आर्मच्या मधे कुठंतरी बसतो. समजा पिव्होटपासून ६० टक्के अंतरावर. चाकावर पाहिजे तेवढा कडकपणा मिळवायला स्प्रिंग जवळजवळ पावणेतीन पट कडक लागते, कारण हे प्रमाण दोनदा लागतं, ०.६ गुणिले ०.६. तेवढा जोर शॉकअपच्या ब्रॅकेटवर आणि आर्मवर. सॉलिडमध्ये दोन्ही चाकं एकदम दबतात तेव्हा शॉकअप थेट एक्सलवर, चाकाएवढाच चालतो. स्प्रिंग मऊ चालते, ब्रॅकेट साधं चालतं. स्वस्तातल्या शॉकअपवर काम भागवायचं असेल तर हे फार मोठं आहे.

फिनिक्सचा_सोलापूरकर
अण्णा तुमचं दुकान इथं ॲरिझोनात टाका, रांग लागेल.

लेथवाले_अण्णा
इथं मे महिन्यात शेडमध्ये ४३-४४ असतं, तिकडं?

फिनिक्सचा_सोलापूरकर
तिकडं जुलैत ४५ च्या पुढं. घरच्यासारखंच वाटेल.

खाणवाला
आम्ही तिघं बसलो काल, पार्क चौकात. ठरलं असं: पुढं सॉलिड, जुन्या जीपचं एक्सल, लिंकवर, कॉइलओव्हर, हायड्रॉलिक स्टिअरिंग. आयएफएसवाल्या मित्राची अट एकच, चासीचा पुढचा भाग बोल्टनं जोडलेला ठेवायचा म्हणजे उद्या पैसे आले तर बदलता येईल. आता विचारायचं ते हे, थ्री लिंक (तीन दांडे) आणि पॅनहार्ड रॉड (एक्सलला आडवं सरकू न देणारा दांडा), की फोर लिंक?

रोलकेज
स्टिअरिंग पूर्ण हायड्रॉलिक असेल तर तिरकी फोर लिंक. पॅनहार्ड लागत नाही, एक्सल वर जाताना बाजूला सरकत नाही. पॅनहार्ड हा एका टोकाला चासीला आणि एका टोकाला एक्सलला, तो चापातच फिरणार, मोठ्या ट्रॅव्हलला एक्सल थोडं आडवं जातं. ड्रॅगलिंकवालं स्टिअरिंग असतं तर पॅनहार्ड त्याला समांतर आणि तितक्याच लांबीचा ठेवून दोघांना एकत्र हलवता आलं असतं, तिथं थ्री लिंक बरी. तुमच्याकडे ड्रॅगलिंकच नाही.

दगडातली_ताई
तिरकी फोर लिंक छान, पण पुढं इंजिनची ऑइल पॅन मधे येते. वरच्या दोन लिंका तिरक्या करायला जागा आहे का ते आधी टेप लावून बघा. पुष्कळ लोक पुढं थ्री लिंकवर येतात ते याचमुळं, आवडीनं नाही.

जिप्सीप्रेमी_बार्शी
आणि एक्सल विकत घेण्याआधी भोपळा कुठल्या बाजूला आहे ते बघ. ट्रान्सफर केसचं पुढचं आउटपुट ज्या बाजूला त्याच बाजूला भोपळा पाहिजे, नाहीतर प्रोपेलर शाफ्ट इंजिनखालून तिरका न्यावा लागेल आणि परत सगळं क्रॉसच्या कोनावर येईल. रेशो पण मागच्याशी जुळला पाहिजे, क्राऊनचे दात मोज, पिनियनचे मोज, भागाकार कर. दुकानदार सांगेल त्यावर जाऊ नको.

खाणवाला
ऑइल पॅन मधे येतेय :( आत्ताच मोजलं. आउटपुट कुठल्या बाजूला ते उद्या उजेडात बघून फोटो टाकतो.

लेथवाले_अण्णा
मग थ्री लिंक. वरची एकच लिंक भोपळ्याच्या बाजूला घे, तिथं हौसिंगवर ब्रॅकेट वेल्ड करायला मांस मिळतं. हौसिंग बिडाचं आहे का स्टीलचं ते मात्र बघून, बिडावर थेट वेल्ड मारू नको, आधी गरम करून निकेलच्या रॉडनं, आणि हळूहळू थंड करायचं. नाहीतर तिथूनच तडकेल. लिंकला सीमलेस पाइप आण, ईआरडब्ल्यू (वेल्डचा जोड असलेला) नको.

कमानपाटेवाले_मामा
एक्सल माझ्याकडं पडलंय एक, हौसिंग सरळ हाय, क्राऊन पिनियन वाजत नाही. रविवारी दुकान बंद असतंय पण मी असतो. पैशाचं नंतर बघू, आधी भोपळा कुठल्या बाजूला हाय ते बघून घे.

शेंगाचटणी
रविवारी मी पण येतो. मला एक्सलमधलं काही कळत नाही पण मामांच्या दुकानासमोर भजी चांगली मिळते.

रोलकेज
मी शनिवारी रात्री चाकणहून निघतो. पॅनहार्डचं ब्रॅकेट कुणी माझ्याआधी वेल्ड करू नका, त्याची उंची एक्सलच्या किती वर ठेवायची यावर माझं आणि अण्णांचं अजून भांडण व्हायचंय.